सुरईतली बारोलो

मी आयुष्यात वाइनचा थेंब घेतलेला नाही. तरीही इटलीतील बारोलो या वाइनची नियमावली मला तोंडपाठ आहे, कारण तिच्यावर माझे घर चालले. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधील एका मद्य आयात कंपनीच्या गोदामात मी कागदपत्र तपासनीस आहे. कंटेनर उघडतो, पेट्या उतरतात. पेटीवरचे नाव, बाटलीवरचे नाव आणि प्रमाणपत्रावरचे नाव एकच आहे ना, हे मी पाहतो. नसेल तर पेटी बाजूला काढतो. मग ती मालकाच्या मेहुण्याने मागवलेली असली तरी.

बारोलो हे नाव वाटेल त्याने लावायचे नाही. वायव्य इटलीतील अकरा गावांच्या हद्दीतच ती झाली पाहिजे. द्राक्षाची जात एकच, नेब्बियोलो. दुसऱ्या जातीचा एक घडही चालत नाही. बाग डोंगरउतारावर हवी. तळाची ओलसर सपाट जमीन चालत नाही, थेट उत्तरेकडे तोंड केलेला उतार चालत नाही. सुगीच्या वर्षाच्या एक नोव्हेंबरपासून मोजून किमान अडतीस महिने ती मुरली पाहिजे, आणि त्यांतले अठरा महिने लाकडी पिंपात. हे सारे पुरे झाले की मगच सरकारी क्रमांकाची पट्टी बाटलीच्या गळ्यावर लागते. त्याच गावांतल्या एखाद्या बागायतदाराला इतके थांबायचे नसेल, किंवा आपला माल या नावाला शोभत नाही असे वाटले, तर त्याने 'लांगे नेब्बियोलो' हे साधे नाव घ्यावे. द्राक्ष तेच, डोंगरही बहुधा तोच. वरच्या नावावरून खाली उतरण्याची मुभा नियमात आहे. खालून वर चढण्याची नाही.

इतके सरळ लिहिलेले नियम मी फार थोडे पाहिले आहेत.

बारोलो करणारे बागायतदार आमच्या कंपनीला माल देताना एक अट घालतात. ज्या हॉटेलांना आम्ही त्यांचा माल पुरवतो, तिथे त्यांच्या नावांचा गैरवापर होत नाही ना, हे दर तीन महिन्यांनी पाहून यायचे, आणि पाहणीपत्रकावर सही करायची. हे फिरण्याचे काम माझ्या एका मल्याळी सहकाऱ्याचे. या उन्हाळ्यात तो रजेवर गेला आणि त्याची यादी माझ्या टेबलावर आली. यादीत सातव्या क्रमांकावर दुबईतील जे हॉटेल होते, त्याच्या खाद्यपेय विभागाचा व्यवस्थापक माझा मुलगा आहे.

मुलगा अजमानमध्ये वाढला; मी आणि पत्नी अजून तिथेच राहतो. आता तो छत्तीस वर्षांचा आहे; बायको आणि एक मुलगी आहे. मी त्याच्या हॉटेलात त्यापूर्वी कधी गेलो नव्हतो. जिथे लोक पितात तिथे मी बसत नाही. काम आहे म्हटल्यावर गेलो.

सोमवारी दुपारचे तीन वाजले होते. जेवणघर जवळजवळ रिकामे होते. मी कोपऱ्यातले टेबल घेतले आणि कार्ड वाचू लागलो. तिसऱ्या पानावर, बाटलीऐवजी पेल्याने विकल्या जाणाऱ्या वाइनच्या यादीत, पहिलेच नाव बारोलो. मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. या हॉटेलाला जाणारा आमचा प्रत्येक कागद माझ्या हाताखालून जातो. दोन वर्षांत तिकडे बारोलोची एकही बाटली गेलेली नव्हती. लांगे नेब्बियोलोच्या पेट्या मात्र दर महिन्याला जात होत्या.

त्यांनी दुसऱ्या पुरवठादाराकडून घेतली असेल, ही शक्यता होती. न पाहता संशय घेणे हाही खोटेपणाच. मी वेटरला बोलावले. तो नेपाळी होता, अदबीचा होता.

“बारोलो की बोतल दिखाइए.”

“सर, ग्लासवाला हम काँच की सुराही में रखते हैं.” त्याने फडताळावरच्या लांब मानेच्या काचपात्राकडे बोट केले.

“सुराही में डाला तो बोतल से ही होगा ना? वो बोतल लाइए.”

“बोतल तो सर... कचरे में गया.”

“आज का भी?”

त्याने माझ्याकडे, मग सुरईकडे पाहिले आणि म्हणाला, “सर, मैं मैनेजर सर को बुलाता हूँ.”

मॅनेजर सर आले. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला, याचा उल्लेख न करणे अन्याय होईल.

“बाबा! तुम्ही? इथे? अरे, आईला तरी घेऊन यायचं. भाई, साहब के लिए एक लाइम सोडा, विदाउट शुगर.”

“मी पाहणीला आलो आहे,” मी म्हणालो. कार्ड त्याच्यापुढे सरकवले आणि ओळीवर बोट ठेवले. “याची बाटली दाखव.”

त्याने ओळ वाचली नाही. न वाचताच त्याला कळले.

“आत या,” तो हळू म्हणाला.

बारमागच्या लहानशा कोठीत आमच्याच कंपनीच्या पेट्या रचलेल्या होत्या. त्यांवर मीच तपासून लावलेली चिठ्ठी होती. लांगे नेब्बियोलो. बारोलोचे नाव त्या खोलीत कोठेही नव्हते.

“बाबा, इट्स द सेम ग्रेप.”

“महिने किती?”

“काय?”

“किती महिने मुरली?”

“बाबा, प्लीज. शनिवारी ब्रंचला येणाऱ्या माणसाला महिने काय कळतात? त्याला ‘बारोलो’ म्हणायचं असतं, ग्लासचा फोटो टाकायचा असतो. फोटो येतो, तो खूश, आम्ही खूश. खलास. टू इयर्स झाली, एक कम्प्लेंट नाही.”

“ज्याला कळत नाही त्याला फसवणे सोपे असते, एवढेच तू मला सांगतो आहेस.”

“फसवणं काय त्यात? विष देतोय का आम्ही? चांगली वाइन आहे. आणि मेन्यू मी नाही ठरवत. जी.एम. ठरवतात. वरून येतो.”

“सुरई कोणी ठरवली?”

तो पेटीवरची चिठ्ठी अंगठ्याने सरळ करू लागला. बाटली गिऱ्हाइकाच्या नजरेस पडू नये म्हणून ती वाइन आधीच सुरईत ओतून ठेवायची, ही युक्ती वरून आलेली नव्हती. त्याच्या त्या चाळ्यावरून ते मला समजले. संताप मला तिथे आला. एखाद्या माणसाने वरच्याच्या दबावाखाली खोटे बोलावे, हे मी समजू शकतो. ते खोटे अधिक चांगले वठावे म्हणून स्वतःच्या डोक्याने त्याला भांडे शोधून द्यावे, हे मला समजत नाही.

“पत्रक गुरुवारी दुपारी देणार,” मी म्हणालो. “त्याआधी कार्ड बदल.”

“आणि नाही बदललं तर?”

“जे पाहिले ते लिहीन.”

“लिहिलंत तर तुमची कंपनी आमचा सप्लाय थांबवेल, आणि जी.एम. पहिलं माझं नाव पुढे करतील. नोकरी गेली की व्हिसा गेला. माझा एकट्याचा नाही, बाबा. तिघांचा.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे!” त्याने माझेच शब्द पुन्हा उच्चारले आणि हसला. ते हसू चांगले नव्हते. लाइम सोडा टेबलावर तसाच राहिला.

मंगळवारी संध्याकाळी तो अजमानला आला. मी घरी काही सांगितले नव्हते. त्याने फोनवर आईला सर्व सांगितलेले होते. त्यामुळे माझ्यावरचा खटला तो येण्यापूर्वीच सुरू झाला होता.

“अहो, तुम्ही त्या दारूला कधी तोंड लावलं नाही,” माझी पत्नी भाजी निवडता निवडता म्हणाली, “आणि तिच्या नावासाठी पोटच्या पोराला विमानात बसवायला निघालात? ती बाटली येणार आहे का तुम्हाला म्हातारपणी धरून चालवायला?”

“प्रश्न बाटलीचा नाही.”

“मग कशाचा? एका द्राक्षाला दुसऱ्या द्राक्षाचं नाव दिलं. आपल्याकडे बाजारात सगळाच आंबा देवगडचा असतो. कधी गेलात का कोणाच्या पोटावर पाय द्यायला?”

“तोही चोरच.”

“सगळं जग चोर. तुम्ही एकटे हरिश्चंद्र. आणि हरिश्चंद्राने पोराचं काय केलं ते आठवा म्हणजे झालं.”

मुलगा आला तो थेट दिवाणखान्यात बसला. चहा घेतला नाही. टीपॉयखालच्या खणात आमच्या मराठी मंडळाची गेल्या वर्षीची गणेशोत्सवाची स्मरणिका होती. त्याने ती काढली, पाने उलटली आणि सभासदांच्या यादीवर येऊन थांबला. त्याला देवनागरी सावकाश वाचता येते. बोट ठेवून त्याने मोठ्याने वाचले.

“व्यवसाय, खाद्यपदार्थ आयात.” मग माझ्याकडे पाहिले. “बाबा, तुमच्या गोदामात द्राक्षं शेवटची कधी उतरली? फळ म्हणून?”

मी स्मरणिकेसाठी हात पुढे केला. त्याने ती दिली नाही.

“टेल मी. मी कॉलेजमध्ये होतो तेव्हा फ्रूट सेक्शन बंद झाला. पंधरा वर्षं तरी झाली. शाळेत मी काय सांगायचो? फूड प्रॉडक्ट्स. माझ्या लग्नात तुम्ही व्याह्यांना काय सांगितलंत? फूड प्रॉडक्ट्स. तुम्ही पण सुरईतूनच ओतताय ना सगळ्यांना? तुमची बाटली कुठाय?”

स्वयंपाकघरातला विळीचा आवाज थांबला.

वस्तुस्थिती अशी होती. मी मूळचा तासगावचा. बेदाण्याच्या शेडमध्ये प्रतवारी करण्यात माझी पहिली काही वर्षे गेली, आणि द्राक्षे पारखतो म्हणून या कंपनीने मला इकडे आणले. तेव्हा ती फळे आणि सुकामेवा आणत असे. ‘खाद्यपदार्थ आयात’ हे तेव्हा खरेच होते. पुढे मालकाने मद्याचा परवाना घेतला, दोन्ही विभाग काही वर्षे चालले, मग फळांचा बंद झाला. द्राक्षाऐवजी द्राक्षाची वाइन आली. काम तेच राहिले, कागद आणि माल जुळवण्याचे. ओळखपत्र नवे छापले गेले. मंडळाच्या यादीतला शब्द मात्र मी बदलला नाही. दर वर्षी तपासणीसाठी माझ्याकडे कच्चा मजकूर यायचा. दर वर्षी मी शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून तो परत पाठवायचो, आणि माझ्या नावापुढचा तो शब्द तसाच ठेवायचो. मंडळाच्या गणपतीच्या प्रतिष्ठापनेच्या पूजेला यजमान म्हणून अकरा वर्षे मी बसत आलो. सोवळ्यातला माणूस दारूच्या गोदामातला निघू नये, याची काळजी मी घेतली होती.

आपल्या लोकांचा हा जुना रोग आहे. काम करायला लाज वाटत नाही, त्या कामाचे नाव घ्यायला वाटते. आणि त्या लाजेला आपण संस्कार म्हणतो. मी हे दुसऱ्यांविषयी अनेकदा बोललो आहे.

“उद्या बोलू,” मी मुलाला म्हणालो.

“उद्या बुधवार,” तो म्हणाला आणि उठला.

बुधवारी सकाळी मी स्मरणिकेच्या संपादकांना फोन केला. ते पुण्याचे, वयाने माझ्याहून बरेच लहान, एका बँकेत मोठ्या पदावर आहेत. नवी स्मरणिका दोन दिवसांत छपाईला जाणार होती.

“माझ्या नावापुढचा व्यवसाय चुकीचा आहे. दुरुस्ती घ्या. मद्य आयात, कागदपत्र तपासनीस.”

पलीकडून हसण्याचा आवाज आला.

“काका, जोक करताय ना?”

“नाही.”

“काका, म्हणजे, आम्हाला काय, आम्ही ब्रॉड माइंडेड आहोत. पण गणपतीची स्मरणिका आहे हो. पहिल्या पानावर अथर्वशीर्ष, आणि चाळिसाव्या पानावर मद्य? ‘बेव्हरेजेस’ लिहू का? डीसेंट वाटतं.”

“बेव्हरेजेस म्हणजे सरबतही. मी सरबत तपासत नाही.”

“बरं, मग ‘सेवानिवृत्त’ लिहू?”

“मी निवृत्त नाही.”

“काका, नोबडी चेक्स! कोण बघतंय यादी?”

दोन वर्षांत एक तक्रार नाही. तेच वाक्य, फक्त दुसऱ्या तोंडून. “मी बघतो,” मी म्हणालो.

मग त्यांचा आवाज उतरला. “कसंय काका, कमिटीत काही जुनी मंडळी आहेत. यंदा पूजेला तुम्हालाच बसवायचं ठरलंय. हे छापलं तर मला उत्तर द्यावं लागेल. इन्शाल्ला काही होणार नाही, पण... तुम्ही विचार करा.”

“विचार झाला आहे. पूजेचे तुम्ही ठरवा. शब्द मी सांगितला तो छापा.”

फोन ठेवल्यावर मला राग आला, आणि तो बराच वेळ टिकला. त्या समितीतली कोणती मंडळी शनिवारी कोणत्या हॉटेलात कोणता पेला उचलतात, हे मला त्यांच्याच तोंडून ठाऊक आहे. पिणाऱ्याच्या हातून देवाला फूल चालते. ज्याने त्याच्या बाटलीवरचे नाव खरे असल्याची खात्री केली, त्याच्या हातून चालत नाही. हा नियम कोणत्या नियमावलीत आहे, ते मला कोणी दाखवावे.

हा फोन मी दिवाणखान्यातून केला होता. पत्नीने ऐकला. तिने तो मुलाला जसाच्या तसा कळवला, हे मला नंतर समजले.

गुरुवारी सकाळी आठ वाजता मुलाने नव्या कार्डाच्या पानाचा फोटो पाठवला. बारोलो हे नाव नव्हते. त्या जागी लांगे नेब्बियोलो होते. खाली एक ओळ होती, “ओके?”

मी उत्तर पाठवले, “फोटोवर मी सही करीत नाही.”

अकरा वाजता मी हॉटेलात पोचलो. कार्ड टेबलांवर होते. फडताळावरची सुरई गेली होती. तोच नेपाळी वेटर मला पाहून न सांगता बाटली घेऊन आला आणि तिच्यावरचे नाव माझ्याकडे करून टेबलावर ठेवली. मुलगा दारात उभा होता. त्याच्या डोळ्यांखाली झोप न झाल्याच्या खुणा होत्या.

“जी.एम.शी भांडलो,” तो म्हणाला. “म्हणाले, गेस्ट्स विचारतील बारोलो कुठे गेली. मी म्हटलं, हवी असेल तर खरी मागवू. महाग पडते म्हणाले. मी म्हटलं, मग खरं नाव लिहू. म्हणाले, यल्ला, चला, करा, पण रिस्पॉन्सिबिलिटी तुमची.” मग विचारले, “आता लिहाल ना, ऑल ओके?”

मी पत्रक त्याच्यासमोरच भरले. सोमवारी काय आढळले, ती एक ओळ. गुरुवारी काय आढळले, ती दुसरी ओळ. खाली सही.

त्याने वाचले. “दोन्ही लिहिलंत.”

“दोन्ही घडले.”

“बाबा, आता तर बदललंय! पहिली ओळ कशाला?”

“दोन वर्षे ज्यांनी तो पेला घेतला, त्यांच्यासाठी कोणी तरी ती लिहायला हवी.”

तो आत निघून गेला. मी पत्रक कार्यालयात जमा केले.

पुढे जे झाले ते थोडक्यात सांगतो. आमच्या कंपनीने हॉटेलला समज देणारे पत्र पाठवले. दुरुस्ती आधीच झाल्याने पुरवठा थांबला नाही. हॉटेलने मुलाला लेखी ताकीद दिली. नोकरी राहिली, व्हिसा राहिला. या वर्षी व्हायची ती बढती झाली नाही. महाव्यवस्थापकांना काहीही झाले नाही. ते नाव त्यांनी कार्डावर घातले होते, दोन वर्षे ठेवले होते, आणि काढताना जबाबदारी दुसऱ्यावर टाकली होती. माझ्या पत्रकात व्यक्तीचे नाव लिहायला रकाना नाही. असता तर लिहिले असते, दोघांचेही.

मुलगा तीन आठवडे आमच्याकडे आला नाही. पत्नी माझ्याशी मोजके बोलत असे. मीही मोजकेच बोलतो, त्यामुळे घरात फारसा फरक जाणवला नाही, असे मी म्हणे. ती म्हणे, तुम्हाला जाणवत नाही.

गणेश चतुर्थीच्या चार दिवस आधी मंडळाच्या कार्यवाहांचा निरोप आला. यंदा तरुण जोडप्याला संधी द्यावी असे समितीला वाटते, आपण समजून घ्याल. मी समजून घेतले. त्यांना लिहिलेले उत्तर पत्नीने पाठवू दिले नाही.

प्रतिष्ठापनेच्या सकाळी आम्ही दोघे सभागृहात तिसऱ्या रांगेत बसलो. पुढे चौरंगासमोर एक तरुण सोवळे सावरत आचमन करीत होता. त्याला पळी कोणत्या हातात धरायची ते ठाऊक नव्हते. गुरुजी सांगत होते, तो चुकत होता, आणि पहिल्या रांगेतली मंडळी कौतुकाने हसत होती. पूजा त्याने करावी, याला माझी ना नाही. ज्या कारणाने त्याला बसवले ते कारण सांगण्याचे धैर्य एकालाही नव्हते, याला आहे.

कोणी तरी माझ्या शेजारची खुर्ची ओढली. मुलगा होता. तो मंडळाच्या कार्यक्रमांना येत नाही. शाळा सुटल्यापासून आला नव्हता. सून आणि नात मागून येत होत्या. दारात वाटली जाणारी नवी स्मरणिका त्याच्या हातात होती. त्याने सभासदांची यादी काढली आणि बोट ठेवून, सावकाश, पण आजूबाजूच्या चार खुर्च्यांना ऐकू जाईल एवढ्याने वाचली.

“मद्य आयात, कागदपत्र तपासनीस.”

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वळून पाहू लागले. मुलाने त्यांना नमस्कार केला आणि मग आईकडे वाकून म्हणाला, “आई, बाबा पण खाली उतरले. बारोलोवरून लांगे नेब्बियोलो.”

ती तोंडाला पदर लावून हसली. नातीने विचारले, “व्हॉट्स सो फनी?”

“नियमात मुभा आहे,” मी म्हणालो.

समोर घंटा वाजली. आम्ही उभे राहिलो.